मधला घटक

बैजिक रचनेतली फलने दोन मार्गांनी निवडता येतात. मूळ क्रिया एकमेकींत गुंफून जी बांधता येतात, ती घ्यावीत. किंवा रचनेच्या प्रत्येक एंडोमॉर्फिझमशी, म्हणजे क्रिया जपत रचनेला स्वतःतच नेणाऱ्या प्रत्येक चित्रणाशी, जी जुळतात ती. जुळणे म्हणजे आधी फलन लावा की चित्रण, उत्तर तेच. बांधलेले फलन नेहमीच जुळते. जुळणारे प्रत्येक फलन बांधताही येत असेल, तर ती रचना एंडोप्रायमल.

० आणि १ या दोन घटकांची साखळी घ्या. क्रिया दोन: दोहोंतला लहान घेणे, मोठा घेणे. ०, १ हे स्थिरांक. येथे एंडोमॉर्फिझम एकच, जागच्या जागी ठेवणारे. त्यामुळे ० आणि १ची अदलाबदलसुद्धा जुळते. पण ती बांधता येत नाही, कारण बांधलेली फलने क्रम उलटवत नाहीत.

आता मध्ये ‘म’ घाला. ‘म’ला ०वर नेणारे चित्रण आणि १वर नेणारे चित्रण अशी दोन नवी एंडोमॉर्फिझम मिळतात. प्रत्येक घटकाच्या या दोन प्रतिमांची जोडी लिहिली, की (०,०), (०,१), (१,१) हाती येतात. ही तर लहान साखळीवरची क्रमवारीच! म्हणून दोन्ही चित्रणांशी जुळणारे फलन, चले कितीही असोत, ० आणि १वर क्रम जपते; अशी फलने लहान-मोठा आणि स्थिरांक यांनी बांधता येतात. ‘म’वरची किंमतही या जोडीनेच ठरते. तीन घटकांची साखळी एंडोप्रायमल ठरली. या विषयात इतकी स्वच्छ सिद्धता क्वचितच भेटते.

यामागे द्वैत सिद्धान्त आहे: बीजगणितांना अवकाशांच्या भाषेत मांडण्याचा. स्टोन यांनी १९३६मध्ये बूलीय बीजगणिते अवकाशांशी जोडली. प्रिस्टली यांनी १९७०मध्ये वितरणशील लॅटिससाठी (वरच्या साखळ्या त्यांचीच उदाहरणे) त्या अवकाशांवर क्रम घातला. मधला घटक तोच क्रम एंडोमॉर्फिझममधून पुरवतो. सांत रचनेचे द्वैत केवळ एंडोमॉर्फिझमवर उभे राहिले, तर ती आपोआप एंडोप्रायमल होते, कारण द्वैतात मुक्त बीजगणितांच्या, म्हणजे बांधलेल्या फलनांच्या रचनांच्या, जागी तिचे घात येतात आणि त्यांवरची जुळणारी फलने बांधलेलीच असतात. मार्की आणि पोशेल यांच्या १९९३च्या निकालानुसार ०, १ असलेले अक्षुल्लक वितरणशील लॅटिस बूलीय नसले, की एंडोप्रायमल असतेच.

अशा द्वैतावरून एंडोप्रायमल, या निष्कर्षाची उलट दिशा मात्र सर्वत्र खरी नाही: एंडोप्रायमल असूनही केवळ एंडोमॉर्फिझमवर उभे द्वैत नसलेली सांत रचना डेव्ही आणि पिटकेथ्ली यांनी १९९७मध्ये दाखवली.