चिखलातली गाडी आणि दारातला स्टिकर



सध्या लेकीकडं अमेरिकेत, नेब्रास्कात आहे. बर्फ वितळला की इथल्या कुरणात आपल्या काळ्या रानासारखाच चिखल होतो. शेजारचा शेतकरी गायी पाळतो. त्याला हेवी ड्यूटी पिकअप घ्यायची होती, कंपनीतूनच ऑफ-रोड पॅकेज बसवून आलेली. जावईबापूंसोबत मीही बघायला गेलो.

तीन गाड्या पाहिल्या. रॅमची पॉवर वॅगन: पुढं-मागं दोन्हीकडं डिफ लॉक, पुढं विंच, ३३ इंची टायर. पुढचा स्वे बार बटण दाबलं की सुटतो, त्यामुळं खड्ड्यात चाक जमीन धरून राहतं. फोर्ड सुपर ड्यूटीचं ट्रेमर पॅकेज: ३५ इंची टायर, मागं डिफ लॉक, डिझेल इंजिनही मिळतं. शेवरोलेची सिल्वेराडो एचडी झेडआर२: तीही ३५ इंची टायरवर, शॉकअप लई भारी. माझं मन पॉवर वॅगनवर बसलं. चिखलात हिला कोण अडवणार!

त्या शेतकऱ्यानं मात्र आधी ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर गाडी किती वजन पेलते ते लिहिलेलं असतं. पॉवर वॅगनचा आकडा सातशे किलोच्या आसपास. खडबडीत रानासाठी स्प्रिंग मऊ ठेवलेत, त्याची ही किंमत. ओढायची मर्यादाही साधारण पावणेपाच टन.

त्याचा ट्रेलर गायींसकट ६ टनांचा. गूजनेक ट्रेलर, म्हणजे हौद्यात मागच्या एक्सलवर जोडायचा. त्यातलं वीस टक्के वजन गाडीवर येतं असं धरलं, तरी झाले १२०० किलो. हिशोब तिथंच संपला. त्यानं एफ-३५० ट्रेमर घ्यायचं ठरवलं. डिझेल इंजिन जड असतं, तेवढी वजन पेलायची ताकद कमी होते, म्हणून स्टिकर पुन्हा वाचूनच सही केली.

मी गप्प झालो. गेल्या हंगामात दीड टन पासिंगच्या आपल्या पिकअपमध्ये मी पंचवीस क्विंटल सोयाबीन भरलं होतं. मार्केट यार्डाच्या अलीकडं मागचा पाटा तुटला. गाडी पुतण्या चालवत होता. नाल्यात जाता जाता राहिला पोरगा. तेव्हा मी कंपनीला शिव्या दिल्या. चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

फोर बाय फोर, डिफ लॉक, मोठे टायर चिखलातून बाहेर काढतात. ओझं पेलणं पाटा, एक्सल आणि ब्रेकचं काम. पॅकेजनं ते वाढत नाही, उलट कधीकधी कमी होतं.

गावी आल्यावर पहिलं काम, आरसीवरचं वजन दाराच्या आतून ऑइलपेंटनं लिहायचं. तुम्हीही आज आरसी काढून बघा. तुमच्या गाडीची पासिंग किती अन् भरता किती? खरं सांगा, मंडळी.