कोरा राखलेला कागद

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, की आम्हांला प्रथम चित्रकलेचा वर्ग आठवतो. कळमेश्वरच्या वसतिगृहात राहून आम्ही इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेची तयारी करीत होतो. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील शेतमजूर होते. रंगांची एक पेटी आम्ही चौघे मिळून वापरीत असू.

एके दिवशी सरांनी फळ्यावर एक छापील चित्र लावले. हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. चित्रकार कोण, असे विचारताच आम्ही एका सुरात उत्तरलो, "राजा रविवर्मा!" सर हसले. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी काढले, असे त्यांनी सांगितले. हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीचा. 'ग्लो ऑफ होप' या नावाने प्रसिद्ध असलेले मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे, आणि ते तैलरंगांत नसून जलरंगांत आहे. यावर आमचा विश्वास बसेना.

मग नक्कल सुरू झाली. चौकटी आखून रेखाटन जमले. उजेड मात्र जमेना. आम्ही सगळा कागद रंगवून टाकला आणि ज्योतीसाठी वरून पांढरा पोस्टर कलर लावला. ज्योत चुन्याच्या ठिपक्यासारखी दिसू लागली. सर म्हणाले, "जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही. तो आधीपासून राखावा लागतो." त्या आठवड्यात एकदा वीज गेली. मेणबत्तीपुढे हात धरला, तेव्हा बोटांच्या कडा लालसर उजळलेल्या दिसल्या. आमच्या चित्रांतली बोटे नुसती तपकिरी होती. आम्ही नवे कागद घेतले.

रविवारी पालक भेटीस आले. आमच्या एका मित्राची आई ती चित्रे पाहून म्हणाली, "हे कोन बाई होय? इच्या हाताले चटका नाई बसत का?" आम्ही हसलो. मित्र ओशाळला आणि तिला घाईघाईने फाटकाकडे घेऊन गेला. तिची बोटे कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेली होती, हे आम्ही पाहिले होते, तरीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोणालाही रागावले नाही. एवढेच सांगितले, की त्या चित्रासाठी हळदणकरांपुढे दिवा घेऊन उभी राहिली, ती त्यांची स्वतःची मुलगी होती. वर्गात कोणीच काही बोलले नाही.

पुढे स्मरणचित्राच्या सरावाला त्या मित्राने कापसाचे वावर काढले. वाकून वेचणी करणारी बाई आणि तिची भरलेली ओटी. पऱ्हाटी, माती, लुगडे, सगळे रंगवले. ओटीतल्या कापसाच्या जागी मात्र कागद कोराच ठेवला, कडेने तेवढी फिकट निळी सावली दिली. नक्कल आम्ही सर्वांनीच केली होती. तिचा अर्थ त्याला प्रथम उमगला.

पुढच्या भेटीत त्याने ते चित्र स्वतःहून आईपुढे धरले. तिने बराच वेळ पाहिले आणि ओटीवर बोट ठेवले.

"इथं रंग द्याचा रायला."

"नाई माय," तो म्हणाला, "तो तुहा कापूस होय."

या वेळी आम्ही हसलो नाही.