आईचा वण आणि माझे पाच टाके

शनिवारची निवांत सकाळ. बाणेरमधला आमचा टू बीएचके, कॉफीचा मस्त वास आणि माझ्या हातात अॅव्होकॅडो. या फळाची बी सुरीच्या टोकाने उचकटायची नसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरी सटकली ती थेट डाव्या तळव्यात. पाच टाके!

"कशाने कापलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी उत्तर दिलं आणि शेजारची नर्स चक्क तोंड फिरवून हसली. पण खरी लाज वाटली ती आईसमोर. ती गेल्याच आठवड्यात गावाहून आली होती. तिच्या डाव्या नडगीवर वीतभर लांब वण आहे, आणि तो कोयत्याचा आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातले, शिरूर कासार तालुक्यातले. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं ओस पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. आप्पा ऊस तोडायचे, आई मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायची, मधेच स्वतःही कोयता घ्यायची. मी तिसरीत होते आणि त्या वर्षी त्यांच्यासोबत सांगलीकडच्या एका फडात, पाचटाच्या कोपीत राहत होते.

जानेवारीतली पहाट. दवाने ओला झालेला कोयता उसावरून घसरला आणि आईच्या नडगीत बसला. तिने हळद दाबली, लुगड्याची चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी परत फडात गेली. कारण खाडा पडला की मजुरी तर जायचीच, वर दंड. मोळी उचलली की जखम उकलायची. रात्री थोडी धरायची, सकाळी परत उकलायची. असं जवळजवळ तीन आठवडे चाललं. शेवटी तिला ताप भरला.

टाके घालून मी घरी आले, तर दोन दिवस करण्यासारखं काहीच नव्हतं. मग काय, उजव्या हाताने मोबाइलवर एकच विषय वाचत बसले: जखम भरते म्हणजे नेमकं होतं काय?

आधी रक्त गोठतं, खपली धरते. मग पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. इथपर्यंत आपण शाळेत शिकलेलो असतो. खरी गंमत पुढे आहे. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एरवी खालच्या थराला घट्ट धरून बसलेल्या असतात. जखम झाली की कडेच्या पेशी ही पकड सैल करतात, चपट्या होतात आणि पातळ पाऊल पुढे टाकावं तशा उघड्या जागेवर सरकू लागतात. पण एकेकट्या नाही हं! शेजारणीचा हात न सोडता, अख्खी चादर सरकावी तशा. दोन्हीकडच्या चादरी मधे भेटल्या की सरकणं थांबतं. टाके घालून कडा जवळ आणलेली स्वच्छ जखम वरून जुळायला साधारण दोन दिवस पुरतात. खालची मजबुती यायला मात्र कित्येक आठवडे लागतात. आणि तरीही वणाची जागा मूळ कातडीच्या जेमतेम ८० टक्के ताकदीपर्यंतच पोचते.

मग या चादरीला ओढतं कोण? एक समज असा होता, की पुढच्या रांगेतल्या 'लीडर' पेशी ओढतात आणि बाकीच्या मागून फरफटत येतात. थोडक्यात, आपल्या ऑफिससारखं! २००९ साली झेवियर त्रेपात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत सरकणाऱ्या पेशींचा जोर प्रत्यक्ष मोजला. त्या पेशी कातडीच्या नव्हत्या, पण अशाच हातात हात धरून चालणाऱ्या होत्या. निघालं असं, की जोर फक्त पुढच्या रांगेचा नव्हताच. मागच्या कित्येक रांगांमधल्या पेशीही पाय रोवून ओढत होत्या.

हे वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवून मी आईला विचारलं, "आई, तुझा पाय शेवटी बरा कसा झाला गं?"

"बसून," ती म्हणाली.

"बसून? आणि खाडा?"

"पडूच दिला नाही बायकांनी. तू लहान होतीस, तुला काय आठवायलंय!"

मग तिने सगळं सांगितलं. तापाच्या रात्री टोळीतल्या पाच-सहा बायका कोपीत आल्या. सकाळी कुणी तिला उठूच दिलं नाही. आप्पा ऊस तोडायचे आणि त्यांच्या मोळ्या या बायका आपापल्या मोळ्या वाहून झाल्यावर आळीपाळीने वाहायच्या. मुकादमाने सांगितलं म्हणून नाही, कुणी ठरवून दिलं म्हणूनही नाही. नऊ दिवस. नऊ दिवसांत जखमेने तोंड मिटलं.

मी इतकी वर्षं समजत होते, आई हळदीने बरी झाली. हळदीवर तर आपला भलताच अभिमान! जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. पण आईच्या पायावर हळद तर पहिल्या दिवसापासून होती. नव्हती ती उसंत. पेशी रोज रात्री हात धरून निघत होत्या आणि रोज सकाळी मोळी त्यांना तोडत होती.

आता थोडं कामाचं. खोल जखमेत स्वयंपाकघरातली हळद भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, झाका, डॉक्टर गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि 'वारं लागू दे, सुकू दे' हेही विसरा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघडीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते. कोरड्या खपलीखाली पेशींना वाट खणत जावं लागतं ना!

रविवारी रात्री टीम लीडचा मेसेज आला: 'एका हाताने टाइप जमेल ना? सोमवारी डेमो आहे.' मी 'हो' लिहितच होते, तेवढ्यात आईने मोबाइल काढून घेतला. "हात हलवू नको म्हणलंय ना डॉक्टरांनी? तुला तर पगारी सुट्टी हाय की गं!"

त्यावर मी काय बोलणार? सुट्टी टाकली. डेमो शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीने केला, छान केला. पुढच्या महिन्यात तिच्या बाबांचं ऑपरेशन आहे. तिची दोन डिलिव्हरेबल्स मी आत्ताच माझ्या नावावर घेतली आहेत.

आई परवा गावी गेली. दिवाळीनंतर तिच्या टोळीतल्या दोघी अजूनही तोडीला जातात. या वेळी तिने पुण्यातून त्यांच्यासाठी बँडेजचे रोल नेलेत. उसंत मात्र कुठल्याच दुकानात मिळाली नाही.