उणे 40 अंश

मे महिन्यातल्या सोलापुरात, भर दुपारी, माझ्या गाडीचं इंजिन सांगत होतं की आपलं तापमान उणे 40 अंश आहे. हसू यायला हवं होतं. पण तोवर मी एका पोराला चारचौघांत चोर ठरवून आलो होतो.

गाडी जुनी, पेट्रोलवरची. सुरू होताना कुरकुरायची, मागून काळा धूर, चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा लगेच चालू. अ‍ॅव्हरेज 16 वरून 11 वर आलेलं. गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवणाऱ्या पोराने स्कॅनर लावला, पी 0118 हा कोड आला, आणि त्याने कूलंटचा टेम्परेचर सेन्सर बदलला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. मी तडक गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "डुप्लिकेट माल टाकलास." तो गप्प राहिला. जुना सेन्सर आणि पैसे, दोन्ही माझ्या हातात ठेवले. मी ते पैसे घेतले.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. आता नजर कमी झाली आहे, म्हणून मीटर त्यांचा आणि आकडे वाचायला मी. जोहरची नमाज पढून ते खाली आले ते एकच वाक्य घेऊन: "पैले तार देख, बाद में पुरजा बदल."

तरी सुरुवात त्यांनी पुरजापासूनच केली. जुना सेन्सर मीटरला लावला: 1400 ओहम. मग अम्मीच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवला. आकडा घसरत घसरत 200 च्या खाली आला. गरम झाला की रोध कमी, हेच त्याचं काम. म्हणजे जुना सेन्सरही शाबूत होता. नवा काढून तसाच तपासला, तोही ठणठणीत.

मग गाडी. कॉम्प्युटर सेन्सरकडे 5 व्होल्ट पाठवतो. इंजिन तापेल तसा सेन्सर तो व्होल्टेज खाली ओढतो. कुठेतरी तार तुटली तर ओढणारं कोणी उरत नाही, 5 च्या 5 व्होल्ट तसेच राहतात, आणि कॉम्प्युटर समजतो की कडाक्याची थंडी आहे. म्हणून तो जास्त पेट्रोल ओततो. काळा धूर त्याचाच.

अब्बांनी सॉकेट काढून दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायला लावल्या. सर्किट नीट असतं तर मोबाइलवरचा आकडा झपकन वर चढला असता. उणे 40 जागचा हलला नाही. तुकडा काढून चावी ऑन केली. दोन पिनांमध्ये मीटर शून्य. मग काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावली: 5 व्होल्ट. अब्बा पहिल्यांदा हसले. येणारी तार चांगली, परत जाणारी तुटलेली.

बॅटरीच्या ट्रेखाली, क्लिपजवळ, जिथे वायरिंग वळतं तिथे त्यांनी बोटांनी चाचपलं. वरून रबर अगदी नव्यासारखं. सोललं तर आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. सेन्सर बदलताना हात लागून टोकं दोन दिवस चिकटली असणार. सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली. चावी फिरवली: 41. इंजिन तापलं, पंखा वेळेवर लागला आणि वेळेवर बंदही झाला.

"न तपासता सेन्सर बदलला, ही त्याची चूक," हात पुसत अब्बा म्हणाले. माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

असरनंतर गॅरेजवर गेलो. तेव्हाची गिऱ्हाइकं नव्हती, दुसरी होती. त्यांच्यासमोरच सांगितलं की तुझा माल चांगला होता, मी चुकीचं बोललो. पैसे पुढे केले. त्याने न मोजता गल्ल्यात टाकले आणि थोडा वेळ पान्याशी चाळा करत राहिला.

मग विचारलं, "चाचांनी काळी प्रोब कुठे लावली म्हणालात?"