बाटलीतली साखर

पेशी वाढवायला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला मी आधी, पेशी ज्यात वाढवतात त्या मीडियमच्या बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचायला लावते. ‘हाय ग्लुकोज डीएमईएम’ हे गुलाबीसर लाल द्रावण प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरतात. त्यात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्ततपासणीच्या रिपोर्टच्या हिशेबात ते ४५० होतं, आणि निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर असते १००च्या आत. ज्या पेशींकडून आपण माणसाच्या आजाराची उत्तरं मागतो, त्या अशा साखरेत अहोरात्र बुडालेल्या असतात.

जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मोजून दाखवलं, की कर्करोगाच्या गाठी ऑक्सिजन मुबलक असतानाही ग्लुकोजपासून ढीगभर लॅक्टिक आम्ल बनवतात. पेशीचं श्वसन बिघडल्याने कर्करोग होतो, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली श्वसनाची केंद्रं, कामावर असतात. मोजमाप टिकलं. गाठींच्या या ग्लुकोजच्या हावेवरच आज पेट स्कॅन त्यांना हुडकतो.

मला सर्वात प्रिय प्रयोग अगदी साधा आहे. मायटोकॉन्ड्रियाचा आनुवंशिक दोष असलेल्या रुग्णाच्या त्वचेच्या पेशी ग्लुकोजमध्ये वाढवल्या, तर बऱ्याचदा त्या ठणठणीत दिसतात. ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर त्यांचं भागतं. आता ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज द्यायचं. या साखरेचं विघटन इतकं संथ होतं की त्यावर पेशीचं पोट भरत नाही, तिला मायटोकॉन्ड्रियाकडेच वळावं लागतं. निरोगी पेशी तगतात, दोष असलेल्या काही दिवसांत मरू लागतात. (मीडियममध्ये मिसळायचं सीरम डायलिसिस केलेलंच घ्यायचं, नाहीतर त्यातलं ग्लुकोज प्रयोगात शिरतं.) आजार पेशीत आधीपासून होता, आपणच तिला इतकं खाऊ घातलं होतं की तो दिसत नव्हता. औषधांचंही असंच. मायटोकॉन्ड्रियाला घातक असलेलं औषध भरपूर ग्लुकोजमध्ये निरुपद्रवी वाटू शकतं.

आणि प्रश्न एकट्या साखरेचा नाही. माणसाच्या रक्तात यूरिक आम्ल उंदरापेक्षा बरंच जास्त असतं, नेहमीच्या मीडियममध्ये ते नसतंच. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये जेसन कँटर आणि सहकाऱ्यांनी मानवी प्लाझ्माच्या घडणीचं मीडियम तयार केलं. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की हे यूरिक आम्ल पेशीतल्या एका एन्झाइमला अडवतं आणि त्यामुळे फाइव्ह-फ्लुरोयुरासिल या कर्करोगावरच्या जुन्या औषधाचा पेशींवरचा परिणाम कमी होतो. तेव्हापासून कुठलाही शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाआधी पेशींना काय खायला दिलं होतं ते शोधते.

मधुमेही रुग्णाच्या गाठीचा अभ्यास करताना साखर किती ठेवायची, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, की गाठीच्या आत, जिथे रक्त धड पोचत नाही, तिथे उरते तेवढी? माझं म्हणणं, तिन्ही पातळ्यांवर पेशी वाढवाव्यात, आणि औषध त्यानंतरच घालावं.