ठिबकच्या नळीचा नाग

खानदेशात बाग खरी चार-सहा महिन्यांची. मृगाचा पहिला सडा पडला की जळगावच्या कॉलन्यांमधली कुंपणं गोकर्णाने भरून जातात, दसऱ्याला झेंडू असतो, थंडीत शेवंती दम धरते, आणि होळीची राख गार होईस्तोवर निम्म्या कुंड्यांनी माना टाकलेल्या असतात. पुढे मे उजाडतो. पारा ४५च्या वर चढतो, भुसावळचा आकडा सकाळच्या पेपरात ठळक छापून येतो आणि दुपारी बारानंतर डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला एखादा दुचाकीवाला सोडला तर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा दिवसांत बागेत उरतं काय? कडुनिंब उरतो, बोगनवेल उरते, कोरफड उरते. आणि उरतं ते कोणीतरी हाताने करून ठेवलेलं. पावसाळ्यात या करामती पानाआड जातात, कोणाचं लक्षही जात नाही. त्यांचा मोसम वैशाख.

धुळ्याला माझ्या मावशीचं घर जुन्या गल्लीत आहे. कॅप्टन ब्रिग्जने १८१९च्या सुमारास धुळं हे खानदेशचं ठाणं म्हणून निवडलं आणि सरळ रेषेत पेठ आखली. आजही तिथे पत्ता सांगायचा तर आधी गल्लीचा नंबर सांगतात. रस्ते असे पट्टीने ओढलेले, आणि मावशीच्या परसात मात्र सरळ रेघ औषधाला सापडायची नाही. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ, तिच्याजवळ कढीपत्ता, भिंतीला टेकवलेली मोडकी शिडी, शिडीच्या पायऱ्यांवर तेलाच्या डब्यांतला पुदिना, आणि भिंतीच्या माथ्यावर फणा काढून बसलेला काळा नाग.

नाग ठिबकच्या नळीचा आहे. जळगाव-धुळे पट्ट्यात या नळ्यांना तोटा नाही. ठिबकचा मोठा कारखाना जळगावातच. केळी ठिबकवर, बागायती कापूसही ठिबकवर. त्यामुळे काही वर्षं वापरून झाली की उन्हाने कडक झालेल्या, क्षार साचून छिद्रं बुजलेल्या नळ्यांची भेंडोळी बांधावर येऊन पडतात आणि भंगारवाल्याची वाट बघतात. मावसभावाने त्यातली हातभर लांबीची चार-पाच वळणं उचलून आणली. आतून सेंट्रिंगची तार ओवली, म्हणजे दिलेला वळसा टिकतो. एक टोक मेणबत्तीवर धरून मऊ केलं, ओल्या फडक्यात दाबून चपटं केलं, झाला फणा. डोळ्यांच्या जागी दोन गुंजा बसवल्या आणि फण्यावर चुन्याने दहाचा आकडा काढला. पहिल्या दिवशी दूधवाला किटली टाकून पळाला असं मावशी सांगते. दूधवाल्याचं म्हणणं, टाकून नाही, नीट ठेवून. नागपंचमीला मावशी त्या नळीलाही हळदकुंकू वाहते. कोणी हसलं तर म्हणते, वारुळापर्यंत जायला आता पाय कुठे राहिलेत माझे?

तिच्या परसात माठ फुटला तर हळहळ होत नाही, वाटणी होते. गळ्याचं कडं निघालं तर ते कुंडीखाली जातं, पोटाच्या खापऱ्या वाफ्याच्या कडेला उभ्या रोवल्या जातात, आणि बुडाचा भाग शाबूत राहिला तर त्याचं परळ होतं. तीन सुतळ्या, वर एक गाठ, आणि परळ कडुनिंबाच्या फांदीला. पाखरांच्या पाण्यासाठी अशी परळं उन्हाळ्यात घरोघरी लटकतात. मावशीच्या परळाची गंमत तळाशी आहे. तिथे तिने गेरूने एक मासा रंगवलाय. पाणी भरलं की मासा हलतो. दुपार कलताना पाणी आटतं, मासा थांबतो, आणि घरातल्या पोरांना न सांगता कळतं की भरायची वेळ झाली. नळ रोज येत नाही, तरी पिण्याच्या हंड्यातलं पहिलं तांब्याभर पाणी परळात जातं. मी एकदा म्हणालो, "मावशी, वापरायचं पाणी टाक की." ती म्हणाली, "राहू दे रे भाऊ, चिड्यास्ले बी तहान लागस." पुढे बोलायची सोय नव्हती.

मोगऱ्याच्या मुळाशी तिने एक माठ गळ्यापर्यंत पुरलाय. कमी भाजलेल्या माठाच्या अंगातून पाणी पाझरतं. माती कोरडी असली की ती ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. युक्ती जुनी आहे. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीवरच्या ग्रंथातही ती आलीय. मावशीच्या परसात तिला मिशा फुटल्या, कारण नातीने माठावरच्या झाकणीवर तोंड रंगवलं. आता मोगऱ्याखाली मानेपर्यंत गाडलेला एक मिशाळ गृहस्थ आभाळाकडे बघत असतो. घरात त्याचं नाव पाटकरी. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर पाणी वाटून घ्यायची फड पद्धत चालत आली, तिथे कोणत्या फडाला कधी पाणी सोडायचं ते पाटकरी बघतो. परसातला पाटकरीही आपलं काम चोख करतो, भर मेमध्ये मोगरा फुललेला असतो.

मला वाटतं, खानदेशातल्या बागेतली जादू ही अशी कामकरी असते. नुसतं शोभेचं काही उन्हात टिकत नाही. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन मागवलेले रेझिनचे बुटके, लाल छत्र्यांचे मश्रूम आणि गुलाबी ससे जळगावच्या बाल्कन्यांमधून दिसायला लागलेत. मश्रूमला ओल लागते, सावली लागते. इथे त्या बिचाऱ्याला सिमेंटच्या कट्ट्यावर पश्चिमेच्या उन्हात बसवलेलं असतं. एका उन्हाळ्यात ससा गुलाबीचा पांढरा होतो, दुसऱ्यात त्याचा कान तुटतो. पोरांना ते आवडतात हे मान्य. पण तुटलेल्या सशाचं पुढे काही होत नाही, तो कचऱ्यात जातो. फुटलेल्या माठाचं पुढे बरंच काही होतं.

मराठी पोराला बागेतली परीकथा पहिल्यांदा भेटते ती बहुधा 'फुलराणी'त. तिथे कळीचं सूर्यकिरणाशी लग्न लागतं, वऱ्हाड येतं, सगळी हिरवळ लग्नघर होते. हे लिहिणारे बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० साली धरणगावात जन्मले, आणि १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. दोन्ही गावं जळगावच्या आसपासची. हिरवळीचं इतकं लाडिक वर्णन करणारा कवी वर्षातले आठ महिने करपलेल्या मुलखातला निघावा याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. इथे श्रावणातली हिरवळ बघायला माणसं मुद्दाम गाड्या काढून पाटणादेवीला नाहीतर लळिंगच्या कुरणाकडे जातात. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल.

हातच्या, साध्या सामानातून केलेल्या शोभेची आमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र बागेतली नाही, गावातली आहे. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, राबणाऱ्यांमध्ये धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी, आणि सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांकडे, कारण गांधीजींनी त्यांना तशी गळ घातली होती. शहरातून मांडव-झुंबरं आणायची नाहीत, गावात मिळेल त्यातच करायचं, अशी अट. बोस चित्रकार, मांडव-कमानी हा काही त्यांचा धंदा नव्हे. पण त्यांनी बांबू, तट्ट्या, गवत आणि खादी घेऊन टिळकनगर नावाची वसाहत सजवली. तिच्यातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांनी ओढलेल्या रथातून. अधिवेशन संपलं, बांबू सुटले, गवत गुरांना गेलं असेल. फैजपूर-सावद्याच्या बाजूला केळीच्या बागांतून जाताना अजूनही खळ्याच्या दाराशी तट्ट्यांची नीट विणलेली आडोशाची भिंत दिसते, एखादीवर गेरूचा मोर असतो. त्याचा बोसांशी संबंध जोडायचा मोह होतो. तो जोडू नये. त्या भागातली माणसं तट्ट्या आधीपासूनच विणत होती. बोसांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, हे त्यांचं मोठेपण.

चंडीगडच्या रॉक गार्डनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सार्वजनिक बांधकाम खात्यातला नेक चंद हा रस्ते निरीक्षक १९५७पासून सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या फरशा, चिनी मातीचे तुकडे आणि काकणं जमवून माणसं-जनावरं घडवत राहिला आणि १९७६मध्ये ते सगळं लोकांसाठी खुलं झालं. जळगावच्या कॉलन्यांमध्ये बोअरच्या कट्ट्यांवर, तुळशीवृंदावनांच्या कडांना फुटक्या काकणांची नक्षी दिसते ती काही नेक चंदना बघून केलेली नसते. सिमेंट ओलं असतं, घरात काकणांचे तुकडे डब्यात साठलेले असतात, मिस्त्री बिडी प्यायला गेलेला असतो, तेवढ्यात घरातली बाई ते तुकडे दाबून घेते. मिस्त्री परत येऊन कुरकुरतो. दिवाळीत पणती ठेवली की ती काच हिरवी-लाल उजळते.

सणांचं सामान बागेत मुरतं तेही असंच. पोळ्याला काळ्या मातीचे बैल केले जातात, पूजा होते, मग त्यांचं काय करायचं? ते कुंड्यांत जातात. मनीप्लांटच्या वेलाखाली बसलेली मातीची बैलजोडी मी जळगावात कितीतरी घरी पाहिलीय. पाणी घालताना दर वेळी थोडी माती विरते. आधी शिंगं जातात, मग वशिंड, आणि दिवाळीपर्यंत कुंडीत नुसता एक उंचवटा राहतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेला गुलाबाई बसते, महिनाभर पोरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, डब्यातली खिरापत ओळखायला लावतात, कोजागिरीला ज्वारीच्या ताटांचा मांडव घालतात. ताटं दुसऱ्या दिवशी परसात येतात आणि गोकर्णाच्या वेलाला आधार होतात. सोनगीरच्या तांबटांनी घडवलेलं पिढीजात घंगाळ बुडाला गळायला लागलं तर कल्हईवाल्याकडे न जाता कृष्णकमळाखाली जातं. खरं तर ते मोडीत घालून पैसे आले असते. पण आजीच्या आंघोळीचं घंगाळ मोडीत घालायला कोणी तयार नसतं, आणि बागेत ठेवायला कोणाची हरकत नसते. आमच्याकडच्या निम्म्या बागा अशा न सुटलेल्या प्रश्नांनी सजल्यात.

यात माझ्या आवडीचा दागिना एकच, खोपा. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांचे खोपे लटकतात. विणणारा नर. बाजरीच्या, ज्वारीच्या, गवताच्या पात्यांचे बारीक पट्टे सोलून तो विणतो, निम्मं काम झालं की थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर खालची नळी पुरी करतो, नाही पडलं तर ते अर्धवट टोपरं तसंच लोंबत राहतं. बहिणाबाईंचं खोप्यावरचं गाणं महाराष्ट्राला पाठ आहे. त्या असोद्याच्या, सासर जळगावचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलेली, आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यानंतर, १९५२मध्ये. असोदा रस्त्याला अजून शेतं आहेत, विहिरी आहेत, बाभळी कमी झाल्यात.

कार्तिकात पाखरं निघून गेली की पोरं पडके खोपे उतरवून आणतात आणि ते ओट्यावरच्या हुकाला टांगले जातात. भर श्रावणात, आत पिल्लं असताना फांदी तोडून आणणारेही दिसतात. त्यांना काय म्हणावं? रिकामा खोपा हातात घेतला की आधी जाणवतं त्याचं वजन, इतकं कमी की बोटं फसतात. आत डोकावलं तर भिंतीला सुकलेले चिखलाचे गोळे दिसतात. वाऱ्याने खोपा फार हेलकावू नये म्हणून ते असावेत असं पक्षी अभ्यासक म्हणतात. गावाकडची माणसं वेगळं सांगतात. सुगरण त्या ओल्या चिखलात काजवे चिकटवते आणि रात्री पिल्लांना उजेड करते. मावशीने हे नातीला सांगितलं. नातीने ते शब्दशः घेतलं आणि बाजारातून सोलरची बारीक दिव्यांची माळ आणून ओट्यावरच्या खोप्यात कोंबली.

आता दिवस मावळला की खोपा पेटतो. धुळ्याच्या थंडीत, पारा पाच-सहा अंशांवर आलेला असताना, शाल पांघरून गल्लीतली चार माणसं तो बघायला थांबतात. शेजारच्या काकूंनी तसाच मागितला, जळगावच्या भाचीने फोटो मागवला. मावशीला एकटीला ते पसंत नाही. तिचं म्हणणं, दिव्याने किडे येतात, किड्यांमागे पाली येतात. पाली आल्या खऱ्या. दोन आहेत, एक खोप्यातच राहते, आणि ती कोणी हाकलायची यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.