ऋणनिर्देशात न मावलेल्या बायका

पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं एक पान असतं आणि त्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी मार्गदर्शक, मग प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, नवरा, लेकरं, शेवटी टंकलेखन करून देणारे. अधेमधे कुठेतरी एक ओळ येते, ‘माहिती देणाऱ्या सर्व महिलांची मी आभारी आहे.’ माझ्या प्रबंधातही ती आहे. परभणी जिल्ह्यातील महिला उद्योजकता हा माझा विषय. त्यावर मला पदवी मिळाली, पदोन्नती मिळाली, पुढे मार्गदर्शक म्हणून मान्यताही मिळाली. ज्यांच्या जोरावर हे सगळं झालं त्या एका ओळीत बसवल्या गेल्या. आता निवृत्त झाले आहे, पानांची मर्यादा नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायची. पुस्तकातले उद्योजक म्हणजे किर्लोस्कर आणि टाटा. बायकांचा विषय निघाला की लिज्जत : 1959 साल, गिरगावातल्या सात जणी, 80 रुपये उसने. उदाहरण चांगलंच आहे, पण वर्षानुवर्षं तेच सांगताना माझं मलाच कसंतरी व्हायचं. आमच्या जिल्ह्यात उद्योग म्हटलं की सेलू-मानवतचा कापूस आणि जिनिंग, म्हणजे पुरुषांचं जग. बायका जे करत होत्या त्याला कोणी उद्योग म्हणत नव्हतं. नाबार्डने 1992 मध्ये 500 बचत गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला. पुढे 2003 मध्ये राज्यातल्या गटांच्या समन्वयाचं काम महिला आर्थिक विकास महामंडळाकडे, म्हणजे माविमकडे आलं आणि गावोगाव गट उभे राहिले. किती गट, किती बचत, किती कर्ज याचे तक्ते कार्यालयात मिळत. कर्ज घरी गेल्यावर बाईने त्याचं काय केलं, हे तक्त्यात नसे. मला तेच हवं होतं.

पहिलं ऋण माविमच्या सहयोगिनीचं. जिंतूर तालुक्यातली गावं तिच्याकडे होती. मानधन बेताचं, एसटी मिळाली तर एसटी, नाही तर काळी-पिवळी, शेवटचा टप्पा पायी. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा बायका दारातून आत सरकल्या. हातात फाइल घेतलेली अनोळखी बाई म्हणजे वसुलीला आलेली, हा त्यांचा अनुभव. सहयोगिनी देवळाच्या पारावर बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “या मॅडम कर्ज बी देत नाहीत अन् वसुली बी करत नाहीत. नुसतं इचारतात.” बायका हसल्या आणि सतरंजी आली. सर्वेक्षणपद्धतीवर मी पुढे कितीतरी व्याख्यानं दिली, पण त्या एका वाक्याने जे साधलं ते एकाही पुस्तकात मला सापडलेलं नाही. तिचं स्वतःचं शिक्षण बारावीपर्यंत होतं. गटाचं इतिवृत्त कसं वाचायचं, ठरावावर एकाच हाताच्या सह्या दिसल्या तर काय समजायचं, अंतर्गत कर्ज कोणाला नाकारलं जातं, हे मला तिने शिकवलं.

दुसरं ऋण शेवयांच्या मशीनवाल्या वहिनींचं. त्यांच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

गटाच्या कर्जातून त्यांनी मशीन घेतलं होतं. होळीनंतर मृग लागेपर्यंत त्यांचा हंगाम. गहू ओलवून, दळून, पातळ कापडातून चाळून आलेलं पीठ बायका घरून घेऊन येत. वहिनी ते मळून मशीनमध्ये घालत. शेवयांचा झुबका खाली उतरला की पीठवालीच काठीवर झेलून वाळत घालायला नेई. तेव्हा भारनियमनाचा कहर होता. लाईट रात्री दोनला आली तर दोनला मशीन सुरू. घमेली मांडून बायका अंगणात झोपलेल्या असत, मोटरचा आवाज आला की उठत.

माझ्या प्रश्नावलीत रकाना होता ‘मासिक नफा’. वहिनी म्हणाल्या, “महिन्याचा नफा नाही सांगता यायचा. वही हाय, ती बघा.” लेकाच्या चौथीच्या वहीची मागची पानं होती ती. नाव, किलो, रोख, बाकी. बाकी कोणी मूग निघाल्यावर मुगात फेडी, कोणी कापूस विकल्यावर दिवाळीला. म्हणजे कमाई चैत्रात आणि वसुली कार्तिकात. मी विचारलं, “यात तुमची स्वतःची मजुरी धरली का?” त्या हसल्या. “मला कोण मजुरी देतंय, मॅडम?”

शेतमजुरीच्या दराने त्यांची मजुरी वजा केली तेव्हा नफा फारसा उरेना. मग हा धंदा का चालवता? उत्तर तयार होतं. “मशीन हाय म्हणून लोक माझ्या दारात येतात. नाही तर मीच दुसऱ्याच्या दारात गेले असते.”

नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक सरांना मी हे दाखवलं. आमचे सर मोजकं बोलत. “मासिक रकाना काढा. वर्षाचा हिशेब घ्या आणि धान्याचा वेगळा रकाना करा,” एवढंच म्हणाले. त्या एका रकान्याने प्रबंधातल्या निम्म्या तक्त्यांची मांडणी बदलली, आणि बहुधा म्हणूनच तो वाचण्यासारखा झाला.

अजून एक गाठ वहिनींकडेच कळली. महिला उद्योगाची सरकारी व्याख्या प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असते : भांडवलात महिलांचा किमान 51 टक्के वाटा आणि निर्माण होणाऱ्या रोजगारातही किमान 51 टक्के महिला. वहिनी या व्याख्येत सहज बसत, कारण मालक त्या आणि मजूरही त्याच. पण विजेचं मीटर सासऱ्यांच्या नावावर, कारण घर सासऱ्यांच्या नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याची सोय सरकारने केली होती. इथे त्या दोघांत वहिनी नव्हत्याच. टक्केवारी मोजणारी व्याख्या मीटरपर्यंत पोचत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ऋण वेगळ्या जातीचं आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव 2013 मध्ये लागलं. आमच्या तोंडी मात्र ते नुसतं ‘विद्यापीठ’. तिथल्या गृहविज्ञान महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी, वाणिज्याची म्हणून मला परकं न मानता, विस्तारशिक्षणाची आपली सगळी टिपणं हवाली केली. 18 मेच्या खरीप मेळाव्यात त्या मला गटांच्या स्टॉलमागे बसवत. “गिऱ्हाईक काय म्हणतं ते समोरून ऐकू येतं, बाई काय म्हणते ते मागून,” असं त्यांचं सांगणं. पापड-खारोड्यांचे दर मी तिथे शिकले.

घरच्यांचं फार लिहीत नाही. सासूबाईंनी लेकरं सांभाळली नसती तर मी जिंतूरच्या पुढे गेलेच नसते, एवढं पुरे.

2010 च्या नियमांनंतर प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन आलं. शोधनिबंधाला इतके गुण, चर्चासत्राला इतके. वहिनींच्या वहीवरून मी लिहिलेल्या निबंधाने मला गुण दिले, बाईंच्या स्टॉलवरच्या नोंदींनी दिले. प्रबंध आता शोधगंगेवर आहे, कोणालाही वाचता येतो. त्याचा सारांश मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला होता. सगळं ऐकून वहिनींनी एकच विचारलं, “मीटरचं लिहिलं का?” लिहिलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि बचतीचे पैसे मोजायला घेतले.

आमच्या जिल्ह्यात याच विषयावर आजही मुली नोंदणी करतात आणि उन्हाळी सुट्टी म्हणून चैत्र-वैशाखातच गावात जातात. तोच या बायकांचा कमाईचा काळ. त्या मुलींना माझी विनंती आहे, तासभर मुलाखत घेणार असाल तर दोन किलो पीठ सोबत न्या, नंबर लावून बसा आणि जो दर असेल तो देऊन शेवया करून घ्या. प्रश्न तिथे बसूनही विचारता येतात. आणि त्यांची हरकत नसेल तर ऋणनिर्देशात त्यांची नावं घाला, मार्गदर्शकाच्या आधी घातलीत तरी चालेल.